डाव्या मांडीतली सुई

माझ्याकडे बघून रडली नाहीत अशी मुलं रायगडातल्या तळा गावाच्या आसपास फार थोडी निघतील. त्यांतली काही आता रिक्षा चालवतात, काही रोह्याला कारखान्यात जातात, एक मुलगी तर स्वतःच नर्स झाली आहे. बाजारात भेटली की विचारतात, "बाई, ओळखलंत का?" मी ओळखलं म्हणते. खरं म्हणजे वर्षाच्या आतलं मूल मोठं झाल्यावर ओळखता येत नाही. आठवते ती त्याची आई, आणि सुई टोचताना तिने कुठे तोंड फिरवलं होतं ते.

मी ए.एन.एम. होते, म्हणजे उपकेंद्रातली नर्सबाई. मूळची मी रेवदंड्याची, पण नोकरीची शेवटची बरीच वर्षं तळ्यापासून आठ-नऊ किलोमीटर आत, भातशेतीच्या गावांत गेली. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक वजनकाटा, एक तपासणीचं टेबल. त्या खोल्यांत बसून होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त काम वाड्यावाड्यांवर पायी फिरून व्हायचं. गरोदर बायका, बाळंतिणी, तापाचे पेशंट, आणि दर बुधवारी लसीकरण. लशीच्या डब्याबद्दल लोकांना वाटतं की त्यात जितका बर्फ तितकं चांगलं. तसं नसतं. काही लशी उन्हाने बिघडतात तशा काही गोठल्यानेही बिघडतात. म्हणून बर्फाच्या पिशव्या फ्रीजमधून काढल्या की थोडा वेळ बाहेर ठेवायच्या, कानाशी धरून हलवायच्या, आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की मगच डब्यात भरायच्या. मी हे हजारदा केलं असेल. पण एका बुधवारी ते नीट केलं होतं का, हा प्रश्न मला दीड वर्ष छळत होता. त्या बुधवारची ही गोष्ट आहे. मुलीच्या आईला विचारून लिहिते आहे, नावं तेवढी बदलली आहेत.

मुलीचं नाव मनस्वी. तिची आई दर्शना, वडील नितेश. नितेश रोह्याच्या एका कारखान्यात कंत्राटी कामाला, आठवड्यातून एकदा घरी येणारा. घरी शेती बघायला त्याची आई, गुणाबाय. गुणाबाय म्हणजे वाडीतलं वजनदार माणूस. कुणाच्या घरी बाळंतीण आली की न्हाऊ घालायला तिलाच बोलावणं जायचं. तिने न्हाऊ घातलेली पोरं वाडीभर होती, त्यामुळे तिचा शब्द माझ्या शब्दाच्या आधी चालायचा.

मनस्वीचा लशीचा तिसरा डोस साडेतीन महिन्यांना व्हायला हवा होता. दर्शना माहेरी राहिली, मग गुणाबाय म्हणाली पोरीला सर्दी आहे, मग आणखी काही. पाच महिने होऊन गेले. शेवटी मी गावातली आशा कार्यकर्ती संजना हिला घेऊन घरी गेले आणि अंगणात बसूनच राहिले.

"मावशी, आता टाळू नका. पोर तुमचीच आहे ना?"

गुणाबाय म्हणाली, "गेल्या टायमाला दोन दिवस रडली. मना बघवत न्हाय."

"दोन दिवस रडेल, पण घटसर्प आणि डांग्या खोकल्यापासून वाचेल."

मी बोलण्यात हरत नाही. बुधवारी दर्शना मुलीला घेऊन आली. गुणाबायही आली आणि दाराशी उभी राहिली. मी डाव्या मांडीत सुई दिली, तापाचं औषध दिलं, कसं द्यायचं ते सांगितलं. मूल रडलं, गप्प झालं, आईला चिकटलं. अगदी रोजच्यासारखं.

त्याच दिवशी दिवेलागणीला संजनाचा फोन आला. मनस्वीला ताप भरला होता आणि आकडी आली होती. मी स्कूटरवरून पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती. कुणी कांदा फोडून नाकाशी धरत होतं, कुणी चमचा शोधत होतं. दर्शनाच्या मांडीवर मुलगी होती आणि तिचा डावा पाय, डावा हात आणि तोंडाची डावी बाजू लयीत उडत होती. उजवी बाजू स्वस्थ. मी तिला कुशीवर वळवलं, तोंडाशी काही न्यायचं नाही म्हणून सांगितलं आणि गाडी मागवली. रुग्णालयात पोचून इंजेक्शन मिळेपर्यंत अर्धा तास तरी ते चालूच होतं.

गाडीत बसताना गुणाबाय माझ्याकडे बघून म्हणाली, "डावीकडं टोचलंस, डावीकडंच उडतंय. आता बोल."



नियमाप्रमाणे मी वर कळवलं. डॉक्टर आले, डबा तपासला, तारखा तपासल्या. त्याच कुपीतून त्या दिवशी आणखी चार मुलांना लस दिली होती, ती चारही ठणठणीत होती. तापात कधी कधी अशी आकडी येते, मोठेपणी जाते, असं सगळ्यांनी सांगितलं. मीही दर्शनाला तेच सांगितलं. कागदावर माझी काही चूक निघाली नाही. पण कागदावर चूक निघाली नाही म्हणून मनातली जात नाही. त्या सकाळी घाई होती. पिशव्या हलवून बघितल्या होत्या की नुसत्या भरल्या होत्या? मी स्वतःला परत परत विचारायचे आणि दर वेळी वेगळं आठवायचं.

त्यानंतर मी एक गोष्ट केली जिची मला आजही लाज वाटते. मी त्या घरी जायचं सोडलं. वाडीत जायचे, पण खालच्या वाटेने. संजनाकडून कळायचं, मुलगी बरी आहे. तेवढ्यावर मी समाधान मानलं. दोन महिने.

दोन महिन्यांनी दर्शना एका दुपारी उपकेंद्रात आली. एकटीच, डोक्यावर पदर ओढून. घरी दळणाला जाते म्हणून सांगितलं होतं.

"बाई, पोरीला परत आली."

"ताप होता?"

"सर्दीचा होता जरा. सुई न्हाय, काय न्हाय. पंधरा-वीस मिन्टं चालली." मग ती म्हणाली, "बाई, ह्या टायमाला उजवी बाजू उडत होती."

मी तिला दोनदा विचारलं. नक्की उजवी? तिने स्वतःचा उजवा हात उचलून उडवून दाखवला.

त्या क्षणी मला काय वाटलं ते खरं सांगते. मला सुटल्यासारखं वाटलं. डावीकडे टोचलं म्हणून डावीकडे आली, हे आता उरलं नव्हतं. समोर एक बावीस वर्षांची आई आपली मुलगी पुन्हा आजारी पडली म्हणून सांगते आहे आणि मी मनात हायसं म्हणते आहे. दुसऱ्या मिनिटाला ते जाणवलं आणि अंगावर काटा आला. कारण सुईमुळे नसेल, तर मग हे आहे काय?

त्या दिवसापासून मी वरच्या वाटेने जायला लागले. गुणाबाय मला बघून आत जायची. पण दर्शना ओटीवर येऊन बसायची आणि बोलायची.

पुढचं वर्षभर मुलीला झटके येत राहिले. जरा अंग तापलं की आकडी. कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी सगळ्या अंगाला. जवळच्या शहरातल्या एका डॉक्टरांनी फिटचं औषध सुरू केलं. औषध चांगलं होतं, मोठ्या माणसांच्या फिटवर ते मीही कित्येकदा बघितलेलं. पण मनस्वीचे झटके त्याने वाढले. डोस वाढवला की आणखी वाढायचे. दर्शना म्हणायची, "औषधानंच होतंय." आणि आम्ही सगळे तिला म्हणायचो, असं कसं होईल, तूच वेळेवर देत नसशील. त्यात घरात दुसरंच सुरू झालं होतं. दर्शनाच्या एका मामाला लहानपणी फेफरं होतं, ते कुठून तरी गुणाबायच्या कानावर आलं. आता माझ्या सुईबरोबर दर्शनाचं माहेरही दोषी ठरलं. नितेश बोलत काही नव्हता, पण शनिवारी यायचा तो महिन्यातून एकदा यायला लागला.

मनस्वी वीस महिन्यांची झाली तरी उभी राहायला लागली नव्हती. आधी ती दोन-तीन शब्द बोलायची, ते थांबले. तेव्हा मी आमच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घेतली, मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात लहान मुलांच्या मेंदूच्या डॉक्टर आहेत त्यांच्यासाठी, आणि दर्शनाला म्हटलं, मी रजा काढते, आपण जाऊ. नितेशला मीच फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, मी पण येतो."

मार्चचा महिना होता. आधी एकदा एस.टी.ने जाताना उन्हाने गाडी तापली आणि वडखळच्या आसपास मुलीला आकडी आली होती. म्हणून मी म्हटलं, आदल्या दिवशी माझ्या मूळच्या घरी रेवदंड्याला या, सकाळी लवकर मांडव्याहून लाँचने जाऊ, वारा तरी असेल. दर्शना त्याआधी कधी समुद्रावर गेली नव्हती. लाँचमध्ये ती मुलीच्या डोक्यावर ओला पंचा धरून बसली आणि गेटवे येईपर्यंत एकदाही पाण्याकडे बघितलं नाही.

डॉक्टर मॅडम चाळिशीच्या असतील. त्यांनी आधी मुलीला तपासलं नाही, दर्शनाशी बोलत राहिल्या. पहिला झटका कधी, तेव्हा ताप होता का, किती वेळ, कुठली बाजू, दुसऱ्या वेळी कुठली. मग एकदम विचारलं, "गरम पाण्याने अंघोळ घातल्यावर कधी झटका आलाय?"

दर्शना दचकली. "व्हय. दोनदा. सासूबाई कढत पाण्यानं न्हाऊ घालतात."

"आणि हे औषध सुरू केल्यावर झटके वाढले?"

दर्शनाने माझ्याकडे बघितलं. वर्षभर ती हेच सांगत होती आणि पहिल्यांदा कुणीतरी ते तिला विचारत होतं. नितेशच म्हणाला, "व्हय मॅडम. ही सांगत होती."

डॉक्टरांनी मला विचारलं, "तुम्ही मुलीच्या कोण?"

"कुणी नाही. पहिल्या झटक्याच्या दिवशी लस मी दिली होती."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "बसा," त्या म्हणाल्या. मी तोपर्यंत उभीच होते, हे मला तेव्हा कळलं.

त्यांनी सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. लहान मुलांच्या काही आकड्यांचं मूळ जन्मापूर्वीच पडलेलं असतं. शरीर कसं घडवायचं याची सूचना प्रत्येक पेशीत लिहिलेली असते, तिला जनुकं म्हणतात. त्या लांबलचक लिखाणात एखादं अक्षर चुकलं तर बहुतेक वेळा काही होत नाही. पण काही जागा अशा असतात की तिथे एक अक्षर चुकलं तरी मेंदूचं काम बिघडतं. मनस्वीचा आजार असाच एक असावा, असा त्यांचा अंदाज होता. अशा मुलांना पहिला झटका बहुतेक वेळा वर्षाच्या आत, तापात येतो, लांबतो, एकदा एका बाजूला तर एकदा दुसऱ्या बाजूला येतो. ताप लशीचा असो, सर्दीचा असो, की नुसतं अंग कढत पाण्याने तापलेलं असो.

"म्हणजे लस दिली नसती तर..." मी विचारलं.

"तर पहिला झटका पुढच्या सर्दीत आला असता. आजार तिच्यात आधीच होता. पण हा माझा अंदाज आहे. रक्त तपासून खात्री करू."

तिघांचंही रक्त घेतलं, मुलीचं आणि आईवडिलांचं. तपासणी तिथल्या एका संशोधनाच्या कामातून झाली. अहवालाला दोन महिने लागणार होते. पण औषध त्यांनी त्याच दिवशी बदललं. जुनं हळूहळू कमी करत थांबवायचं होतं, कारण ह्या आजारात नेमकं तेच उलट पडतं. एप्रिल संपेपर्यंत झटके निम्म्याहून कमी झाले.

त्याच दोन महिन्यांत वाडीत गोवर आला.

हे लिहायला मला जड जातं. मनस्वीच्या पहिल्या आकडीनंतर वाडीतल्या बऱ्याच आयांनी लस नाकारली होती. मी घरोघर जात होते, पण माझं बोलणं आता चालत नव्हतं. "गुणाबायच्या नातीचं काय झालं बघितलं ना" एवढं एक वाक्य पुरेसं असायचं. कोपऱ्यावरच्या घरात एक मुलगी होती, दीड वर्षांची. त्या घरी मी तीनदा गेले. पहिल्या दोन वेळा समजावलं, भांडलेही. तिसऱ्या वेळी तिची आई उंबऱ्यातच उभी राहिली आणि मी वाद घातला नाही. 'पालकांचा नकार' अशी नोंद केली आणि निघाले. मलाच माझी खात्री उरली नव्हती, तर मी तिला कशी पटवणार? गोवरानंतर त्या मुलीला न्यूमोनिया झाला आणि ती गेली. तिच्या आईने मला कधी काही बोलून दाखवलं नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं वाटतं.

मनस्वी त्या वेळी दर्शनाच्या माहेरी होती, म्हणून सुटली.

अहवालाच्या दिवशी गुणाबाय हट्टाने आमच्याबरोबर आली. पावसाळ्यात लाँच बंद होतात, त्याआधीचे शेवटचे दिवस होते. तिने नवं लुगडं नेसलं होतं, जशी काही कुणाच्या लग्नाच्या बोलणीला चालली होती. मला वाटतं तिला स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं, दोष कुणाचा ते.

डॉक्टरांनी कागद पुढे ठेवला. "आपला अंदाज बरोबर निघाला. मनस्वीच्या जनुकात बदल सापडलाय. पण तो आईच्या रक्तात नाही आणि वडिलांच्या रक्तातही नाही."

मग नितेश म्हणाला, "मग आला कुठून?"

"कुठून आला नाही. तिच्यातच नवा घडला, गर्भ राहतानाच. असं कुणाच्याही बाबतीत होऊ शकतं."

"हिचा मामा..." गुणाबाय म्हणाली.

"मामाचा काही संबंध नाही, आजी."

दर्शनाने विचारलं, "पन बिघडलंय काय नक्की?"

डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूतल्या पेशींना बारीक बारीक दारं असतात. मिठाचे कण त्यांतून आत-बाहेर जातात आणि त्यावर मेंदूचे संदेश चालतात. मनस्वीची ही दारं पुरेशी तयार होत नाहीत.

दर्शनाचा चेहरा उतरला. ती हातातल्या रुमालाशी चाळा करत बसली. मग म्हणाली, "मॅडम, पोटुशी असताना मी सुकी मच्छी लय खाल्ली. लय खारी. त्याच्यानं झालं का?"

म्हणजे मामाच्या दोषातून सुटायच्या आधीच ती दुसऱ्या दोषात शिरायला निघाली होती. डॉक्टर हसल्या नाहीत. खुर्ची पुढे घेऊन त्यांनी तिचा हात धरला. "नाही. सुक्या मच्छीने नाही, मिठाने नाही. तू काय खाल्लंस, कुठे गेलीस, कुठल्या कुशीवर झोपलीस, कशानेही नाही. तू काही केलं असतंस तरी हे टळलं नसतं."

दर्शना तेव्हा रडली. दीड वर्षात मी तिला रडताना बघितलं नव्हतं. नितेश खुर्चीवरून उठला, काय करावं ते न सुचून तिच्यामागे जाऊन उभा राहिला आणि मग त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला, आईसमोर.

डॉक्टरांनी गोड बोलून काही लपवलं नाही. झटके पूर्ण थांबणार नाहीत. मुलगी चालेल, पण उशिरा. बोलेल, पण थोडं. लांबलेला झटका जिवावर बेतू शकतो. पुढच्या बाळाला हे होण्याची शक्यता थोडी आहे, पण शून्य नाही. दिवस राहिले की लवकर या, पोटातल्या बाळाची तपासणी करता येते. मग त्यांनी काय पाळायचं ते सांगितलं. उन्हात न्यायचं नाही, ताप चढू द्यायचा नाही, आणि कढत पाण्याची अंघोळ बंद, पाणी जेमतेम कोमट.

परतीच्या लाँचवर गुणाबाय माझ्याशेजारी येऊन बसली. दीड वर्षात पहिल्यांदा. म्हणाली, "म्हंजे मी पानी वततांना तिला आकडी आनत होते."

मी खोटं का बोलू, 'हो' म्हणणं माझ्या ओठांवर आलं होतं. डावीकडं टोचलंस, डावीकडंच उडतंय, हे मला जशाच्या तसं आठवत होतं. पण तिचे हात बघितले. वाडीतल्या निम्म्या पोरांना ज्या हातांनी न्हाऊ घातलं, ते हात तिने पदराखाली घेतले होते.

"मावशी," मी म्हटलं, "तुम्ही न्हाऊ घातलंत, मी सुई दिली. दोघींनी तिच्या भल्याचंच केलं. ऊब लागली की आकडी येणार, असाच तो आजार आहे. आपल्याला तेव्हा माहीत नव्हतं."

थोड्या वेळाने तिने पिशवीतून तांदळाच्या भाकऱ्या काढल्या. पहिली भाकरी तिने दर्शनाला दिली.

आज मनस्वी दहा वर्षांची आहे. गुडघे जरा वाकवून चालते, चढावर दमते. चाळीसेक शब्द बोलते, त्यांतले निम्मे खाण्याचे आहेत. सकाळी दोन तास वाडीच्या शाळेत बसते. झटके अजून येतात, तापात हमखास. दर्शना अजूनही एक हात तिच्या अंगावर ठेवूनच झोपते. मनस्वीला पाच वर्षांचा भाऊ आहे, धडधाकट, तिची वही फाडणारा. घरात सगळं ठीक आहे असं मी म्हणणार नाही. पण मनस्वीमुळे कुणी कुणावर रागावत नाही, आणि ज्या घरात असं मूल आहे तिथे ही लहान गोष्ट नाही.

आता एक राहिलं. अहवालाच्या दिवशी निघताना मुंबईच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "हिला गोवराची लस राहिली आहे. द्यायला हवी."

मी म्हटलं, "मॅडम, तिला परत सुई?"

"लशीने ताप येईल, कदाचित झटकाही येईल. पण गोवर झाला तर त्या तापाचं काय? तयारी ठेवून द्या."

तयारी म्हणजे तापाचं औषध आणि नाकात मारायचा एक फवारा. झटका तीन मिनिटांवर गेला की तो मारायचा. दर्शना लगेच शिकली. पण दर्शना शेतावर असली तर घरी गुणाबाय, आणि गुणाबायला घड्याळ कळत नव्हतं. मी तिला तिची जपाची माळ ओढायला बसवलं आणि माझ्या घड्याळात बघत राहिले. जरा भरभर ओढली तर एक माळ तीन मिनिटांना थोडी कमी भरायची. ठरलं. एक माळ संपली आणि पोर थांबली नाही, तर फवारा. फवाऱ्याच्या वापरलेल्या बाटलीत पाणी भरून ती दोन दिवस सराव करत होती.

लस आरोग्य केंद्रात द्यायची ठरली, तिथल्या डॉक्टरांसमोर. ते म्हणाले, "मी देतो." मी म्हटलं, "मीच देते." ही सुई उजव्या दंडात असते. मनस्वी माझ्याकडे बघूनच रडायला लागली, बाकीची मुलं रडतात तशी. दर्शनाने तिला धरलं. गुणाबाय ह्या वेळी दाराशी थांबली नाही, आत येऊन तिने पोरीचा हात धरला. माझे हात नेहमीसारखेच चालले. मग मी मागच्या खोलीत जाऊन पाणी प्यायले आणि थोडा वेळ भिंतीला टेकून उभी राहिले.

गोवराच्या लशीचा ताप त्याच दिवशी येत नाही, आठ-दहा दिवसांनी येतो. ते दिवस मी कसे काढले ते सांगत नाही. लावणी सुरू झाली होती, सगळी माणसं शेतात. नवव्या दिवशी सकाळी मी उपकेंद्राचं दार उघडत होते तर बांधावरून गुणाबाय येताना दिसली. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले, डोक्यावर इरलं. माझ्या हातातली किल्ली तशीच राहिली.

ती पायरीशी येऊन थांबली. "काल सांजच्याला ताप भरला. आकडी आली."

"मग?"

"दर्शना लावणीला आवनात व्हती. एक माळ केली, थांबली न्हाय. दिला फवारा. मग थांबली. आता पेज पिऊन बसलीय."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"तुझ्या सुईचाच ताप ना ह्यो?"

थातूरमातूर काहीतरी सांगता आलं असतं. पण मी सरळ म्हटलं, "हो मावशी. तिचाच असणार."

"आता गोवर न्हाय ना व्हनार तिला?"

"नाही होणार."

तिने मान हलवली. इरलं सारखं केलं आणि परत निघाली, लावणी राहिली होती. बांधावर चढून ती थांबली.

"आमच्या शेजारच्या सुरेखाचा पोर दहा म्हैन्यांचा झाला," ती म्हणाली. "त्याला कवा आनू?"

"बुधवारी," मी म्हटलं.